पंप नावावर घेण्याआधी महिनाभर स्वतः डिप मार

या वेळचं पत्र थोडं कापून देतोय:

"काका, नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्यात कर्नाटक बॉर्डरजवळ हायवेला आमचा पेट्रोल पंप आहे, बाबांनी नव्वदच्या दशकात घेतला. बाबा आता ६८ चे, शुगर आहे, भाऊ पुण्यात आयटीत, त्याला यात रस नाही. मी बी.कॉम., सात वर्षं बँकेत काम केलं, आता बाबा म्हणतात तू बघ. महिन्याला साधारण ९० केएल (किलोलिटर, म्हणजे हजार लिटर) डिझेल आणि ४० केएल पेट्रोल जातं, वर्षाची उलाढाल १५ कोटी, आणि वर्षाअखेर हातात बघावं तर माझ्या बँकेच्या पगारापेक्षा थोडंसंच जास्त. चुलतभाऊ ट्रान्सपोर्टमध्ये आहे, तो म्हणतो पलीकडे टॅक्स कमी, डिझेल स्वस्त, महिन्याला दोन टँकर तिकडून आणून आपल्या टाकीत ओतायचे, सगळेच करतात. बाबा यावर गप्प बसतात. हा टॅक्सचा नक्की काय घोळ आहे, पंप नावावर घेऊ का आणि चुलतभावाचं ऐकू का? – एक वाचक"

पोरी, तू माझ्या मुलीच्या वयाची म्हणून अगं-तुगं करतोय, राग मानू नकोस. मी काही पंपमालक नाही, पण पंपांची अकाउंट्स लिहिण्यात अर्धं आयुष्य गेलंय, त्यामुळे जे सांगतोय ते वहीच्या बाजूने सांगतोय. आणि तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मला विचारशील तर "बाबा यावर गप्प बसतात" हे आहे, पण त्यावर शेवटी येतो.

चुलतभावाचं आधी उरकून टाकू. नको. पण नुसतं नको म्हटलं तर तो म्हणणार हे म्हातारे घाबरट, म्हणून त्याचंच गणित मांडून दाखवतो. तो जे "पलीकडे टॅक्स कमी" म्हणतोय ते एकेकाळी खरं होतं. कर्नाटकात डिझेलवरचा विक्रीकर १४ टक्क्यांच्या थोडा वर होता आणि आपल्याकडे २१, त्यामुळे लांब पल्ल्याच्या गाड्या आपल्या हद्दीत टाकी भरायच्याच नाहीत, बॉर्डर ओलांडून पहिल्या पंपावर थांबायच्या, तुझ्या बाबांनी ती वर्षं बघितलीत, त्यांना विचार. पण जून २०२४ मध्ये कर्नाटकने तो कर १८.४ टक्के केला आणि १ एप्रिल २०२५ पासून २१.१७. म्हणजे आपल्या २१ टक्क्यांच्या अगदी मांडीला मांडी लावून बसला. भाऊ अजून २०२४ च्या आधीचा कागद खिशात घेऊन फिरतोय. त्या टँकरचं भाडं, मधल्या माणसाचे पैसे आणि रात्रीची झोप एवढं वजा केलं तर उरतं काय, हे त्यालाच पेन देऊन लिहायला सांग.

आता समजा फरक पुन्हा वाढला (वाढतोही, राज्यं कर कधी बदलतील याचा नेम नाही), तरी उत्तर तेच. पंपाचा डीलर फक्त स्वतःच्या तेल कंपनीने दिलेला मालच विकू शकतो, दुसऱ्या कुठल्याही सोर्सकडून घेतलेला नाही. हे डीलरशिपच्या करारात आहेच, पण नुसता करार असता तर एखाद वेळ निभावलं असतं, हे २००५ च्या मोटर स्पिरिट आणि हायस्पीड डिझेलच्या कंट्रोल ऑर्डरमध्ये आहे, आणि ती ऑर्डर काढलीय जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ खाली. त्या कायद्यात शिक्षा तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. वर जो माल राज्याबाहेरून आणून इथे विकला त्याचा इथला व्हॅट (म्हणजे हाच राज्याचा विक्रीकर) कोणी भरला, असा विक्रीकरवाल्यांचा प्रश्न वेगळा येणार. म्हणजे एका टँकरमागे तीन दारं वाजणार, कंपनी, पुरवठा खातं आणि विक्रीकर, आणि लायसन्सवर नाव तुझं, भावाचं नाही.

आणि सापडणार कसं, असं तो विचारेल. अगं, आता पंप ऑटोमेशनवर आहेत ना. टाकीत गेज बसवलेलं असतं, नोझलमधून किती गेलं ते कंपनीच्या स्क्रीनवर दिसतं, कंपनीने किती पाठवलं ते त्यांच्याच बिलात आहे. बिलाशिवाय १२ हजार लिटर टाकीत वाढले तर ते कळायला कोणी हुशार असावं लागत नाही. शिवाय डेन्सिटी, म्हणजे मालाची घनता. तुझ्या टँकरच्या चलनावर जी डेन्सिटी लिहून येते ती १५ डिग्रीला कन्व्हर्ट करून टाकीतल्या मालाशी ताडून बघतात, आणि फरक प्रति घनमीटर ३ किलोपेक्षा जास्त निघाला की सॅम्पल लॅबला. दुसऱ्या रिफायनरीचं डिझेल मिसळलं की ते भेसळ नसलं तरी आकडा हलतो. "सगळेच करतात" म्हणणाऱ्याला एकच विचार, सगळे म्हणजे कोण, दोन नावं सांग.

बरं, आता तुझा खरा प्रश्न. १५ कोटी जातात कुठे?

उलाढाल १५ कोटी म्हटलं की सोयरेधायरे डोळे मोठे करतात, पण ते १५ कोटी तुमचे कधी नव्हतेच. पंप म्हणजे सरकारचा आणि कंपनीचा पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात नेणारा हमाल, हमालीचा दर ठरलेला. डिझेलला लिटरमागे तीन रुपयांच्या आसपास, पेट्रोलला चार-सव्वाचार. तुझ्या खपावर ९० केएलचे २ लाख ७० हजार आणि ४० केएलचे १ लाख ७० हजार धर, झाले ४ लाख ४० हजार, महिन्याच्या सव्वा कोटीच्या विक्रीवर जेमतेम साडेतीन टक्के. यातून पोरांचे पगार, लाईट बिल, जनरेटर, कंपनीची लायसन्स फी, बँकेचं कॅश क्रेडिटचं व्याज, घट. आणि हा दर तरी रोज वाढतो का, तर २०१७ नंतर थेट ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी वाढला, पेट्रोलला ६५ पैसे आणि डिझेलला ४४ पैसे. तुझ्या खपावर तो फरक महिन्याला ६५ हजारांच्या पुढे जातो, म्हणजे सात वर्षं बाबांनी त्या ६५ हजारांशिवाय पंप चालवला, पगार मात्र दरवर्षी वाढवलेच असणार.

टॅक्स कसा लागतो ते एकदा नीट समजून घे, कारण गिऱ्हाईक रोज तुझ्याशी भांडणार आहे आणि भाव तू ठरवतेस असं त्याला मनापासून वाटतं. पेट्रोल, डिझेल, क्रूड, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन ही पाच जण १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बाहेर राहिली, ती अजून बाहेरच. म्हणून वरून केंद्राची एक्साइज (उत्पादन शुल्क), एप्रिल २०२५ मध्ये दोन रुपये वाढवून पेट्रोलला २१.९० आणि डिझेलला १७.८० झाली होती, आणि ही लिटरवर असते, भावावर नाही. त्यानंतर राज्याचा व्हॅट, हा टक्क्यात असतो आणि एक्साइज धरून झालेल्या रकमेवर लागतो, म्हणजे करावर कर. आपल्याकडे पेट्रोलला २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे, डिझेलला २१ टक्के. पूर्वी मुंबई, ठाणे, नवी मुंबईला वेगळा जास्तीचा दर होता, पेट्रोलला २६ आणि डिझेलला २४, तो २०२४ च्या बजेटमध्ये खाली आणून जुलैपासून उरलेल्या राज्याइतका केला. मध्येच २०१५ सारखा दुष्काळासाठी म्हणून लिटरला दोन रुपये असाही प्रकार येतो, दुष्काळ संपून पाऊस पडला तरी तो काही लगेच उतरत नाही, पण ते जाऊ दे. तुझ्यासाठी कामाची गोष्ट ही की हा सगळा कर कंपनीच्या बिलातच येतो. तू टँकरचे पैसे भरलेस म्हणजे कर भरून झाला, पुढे गिऱ्हाइकाला विकताना परत भरायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण यातच या धंद्याची सगळ्यात मोठी गोम आहे.

गोम अशी की तू कर आधी भरतेस आणि माल नंतर विकतेस. मधल्या काळात कर कमी झाला तर?

मी ज्या पंपाचं काम बघायचो तिथली गोष्ट सांगतो. २०२१ ची दिवाळी, ४ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. सुट्टीत कंपनीचा डेपो बंद, गाड्यांची गर्दी, म्हणून मालकाने आदल्या दिवशी दुपारी १२ हजार लिटरचा डिझेलचा टँकर उतरवून घेतला, कोणीही शहाणा माणूस घेईल. संध्याकाळी पंपावर माळा लावत होतो, आणि टीव्हीवर पट्टी आली, केंद्राने एक्साइज कमी केली, पेट्रोल पाच रुपये आणि डिझेल दहा रुपये, आज मध्यरात्रीपासून. बाहेर गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. मालक केबिनमध्ये खुर्चीवर बसला तो उठेना. १२ हजार गुणिले १० म्हणजे १ लाख २० हजार, नुसते एक्साइजचे, त्यावरचा व्हॅट धरला तर अजून जास्त, आणि त्या टँकरवर त्याला मिळणारं मार्जिन होतं तीस हजारांच्या आसपास. एका संध्याकाळी चार टँकरची कमाई गेली. भरपाई? एक्साइज रिफायनरीतून माल निघतानाच भरलेली असते, कंपनी म्हणते आम्ही ती सरकारला दिली, सरकार म्हणतं तुमचं आमचं काही नातंच नाही. लक्ष्मीपूजन झालं, प्रसाद वाटला, कोणी काही बोललं नाही.

पुढच्या मे महिन्यात परत तेच. २१ मे २०२२, शनिवार संध्याकाळ, पेट्रोल आठ आणि डिझेल सहा रुपयांनी एक्साइज कमी, रविवारी डेपो बंद म्हणून सगळ्यांच्या टाक्या भरलेल्या. दुसऱ्याच दिवशी राज्याने २.०८ आणि १.४४ ने व्हॅट कमी केला, आणि जुलैच्या मध्यात सरकार बदलल्यावर अजून पाच आणि तीन. म्हणजे दोन महिन्यांत तीनदा. ३१ मे ला अनेक राज्यांतल्या डीलरांनी एक दिवस माल उचलला नाही, त्यामागे हा रागही होता.

खरं सांगायचं तर दुसरी बाजूही आहे, ती डीलर लोक सांगत नाहीत. भाव वाढतो तेव्हा टाकीतला जुना माल नव्या भावाने जातो. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये दोन आठवडे जवळपास रोज ८० पैसे वाढत होते, तेव्हा ज्याची टाकी भरलेली त्याला आयतेच मिळाले. पण वाढ अशी पैशापैशाने येते आणि कपात येते ती धाडकन, संध्याकाळी जाहीर आणि मध्यरात्रीपासून लागू. त्यामुळे दोन्हींची वजाबाकी तुझ्या बाजूने पडेलच असं धरून चालू नकोस. बाबांच्या जुन्या वह्यांत या तारखांना टाकीत किती स्टॉक होता ते काढ आणि दोन्ही बाजू मांड, तुला पंपाचा खरा नफा-तोटा तिथे दिसेल, सीएच्या कागदावर तो सगळा एकाच आकड्यात गुंडाळलेला असतो.

यावर उपाय म्हणजे टाकी कधी भरायची आणि कधी अर्धी ठेवायची याचं कॅलेंडर. बजेटच्या आधी, मोठ्या सणाच्या आधी, निवडणुकीच्या आचारसंहितेच्या आधी टाकी काठोकाठ नको. १४ मार्च २०२४ च्या संध्याकाळी दोन रुपयांची कपात आली आणि १६ ला आचारसंहिता लागली, हे कोणी ज्योतिषी नसतानाही ओळखता आलं असतं. पण टाकी रिकामी ठेवून ड्राय पण पडायचं नाही, ड्राय पडलीस तर कंपनीचा फोन आणि गिऱ्हाईक पुढच्या पंपावर. तुझा डिझेलचा रोजचा खप तीन हजार लिटर आहे, म्हणजे दोन-अडीच दिवसांचा स्टॉक आणि टँकर वेळेवर येण्याची खात्री, एवढ्यावर त्या दिवसांत चालवता येतं. टँकरवाल्याशी आणि डेपोतल्या माणसाशी बाबांची जी ओळख आहे ना, ती आधी तुझ्या नावावर कर, पंप नंतर.

आता घट. यावर मी जरा जास्त लिहिणार, कारण बँकेतून आलेल्या माणसाला हे सगळ्यात उशिरा कळतं. बँकेत शंभर रुपये ठेवले तर संध्याकाळी शंभरच असतात. पेट्रोल तसं नाही. मे महिन्यात दुपारी टँकर येतो तेव्हा माल तापलेला असतो, जमिनीखालच्या टाकीत गेला की पाच-सहा डिग्रीने निवतो आणि आक्रसतो. १२ हजार लिटर पेट्रोल पाच डिग्री निवलं तर साठेक लिटर कमी दिसणार, कोणी चोरलेलं नसताना. साठ लिटर म्हणजे सहा हजार रुपये, आणि त्या टँकरवर तुझं मार्जिन पन्नास हजार. वर थोडं उडून जातं ते वेगळं. म्हणून टँकर उतरवायच्या आधी सील बघायचं, टँकरचा डिप (काठी बुडवून मोजलेली मालाची पातळी) बघायचा, तापमान आणि डेन्सिटी घेऊन चलनाशी जुळवायची, आणि हे सगळं ड्रायव्हर "मॅडम उशीर होतोय" म्हणून घाई करत असताना करायचं. त्याला चहा दे, पण हायड्रोमीटर (डेन्सिटी मोजायची तरंगती नळी) पूर्ण स्थिर होईपर्यंत व्हॉल्व्ह उघडू देऊ नकोस.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. रोज सकाळी विक्री सुरू करायच्या आधी प्रत्येक नोझल पाच लिटरच्या मापाने तपासतात, त्या मापात पेट्रोल ओततात, रेघ बघतात आणि ते पाच लिटर परत टाकीत. मीटर मात्र ते विकलं म्हणूनच दाखवतो. मी नवा होतो, रोजच्या सेल्स रजिस्टरमध्ये टेस्टिंगचा कॉलम असतो तो मी भरलाच नाही, वाटलं परत टाकीतच गेलं तर लिहायचं काय. चार नोझल, रोजचे वीस लिटर, महिन्याला सहाशे. महिनाअखेर मीटर म्हणतोय सहाशे लिटर जास्त विकले आणि टाकी म्हणतेय माझ्यातून गेलेच नाहीत. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी थंडपणे विचारलं, हे सहाशे लिटर आले कुठून? म्हणजे बाहेरून माल ओतला का असा त्याचा अर्थ. मला दरदरून घाम फुटला होता. टेस्टिंगच्या जुन्या चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये सापडल्या म्हणून सुटलो. आता कळलं ना तुझ्या भावाचे बारा हजार कसे दिसतील?

पावसाळ्यात अजून एक. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पूर्वी टाकीत थोडं पाणी शिरलं तर ते तळाला वेगळं बसायचं, पाणी दाखवणारी पेस्ट लावलेल्या डिपरॉडवर कळायचं. आता पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट तळाला वेगळा थर होतो आणि तोच पंपातून गिऱ्हाइकाच्या गाडीत जातो, मग दहा बाइकवाले एकदम दारात. मॅनहोलचं झाकण, त्याचं गॅस्केट, डिप पाइपची कॅप हे जूनच्या आधी स्वतः वाकून बघ, पोरांवर सोडू नकोस. आणि पेस्ट इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारी घे, जुनी डबी फेकून दे.

वजनमापेवाल्यांचं सोपं आहे. वर्षाला एकदा स्टॅम्पिंग (माप तपासून शिक्का), पाच लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्याच्या वर नाही. नोझल दुरुस्त करताना सील तुटलं तर परत स्टॅम्पिंग झाल्याशिवाय ती नोझल सुरू करायची नाही, भले रांग लागली तरी. २०१७ मध्ये ठाण्याच्या पोलिसांनी चिप बसवून माप मारणारे पंप पकडले तेव्हापासून गिऱ्हाईक संशयानेच बघतं, त्याने पाच लिटरचं माप मागितलं तर कपाळाला आठ्या न घालता भरून दाखव, तो त्याचा हक्क आहे. एक्स्प्लोझिव्हचं लायसन्स, म्हणजे पेसो या केंद्राच्या पेट्रोलियम-स्फोटकं खात्याचं, हे संपायच्या वर्षी ३१ डिसेंबरला संपतं, रिन्यूअल त्याच्या बऱ्याच आधी टाक. आणि मंजूर ड्रॉइंगमध्ये नसलेलं काहीही बांधू नकोस, चार्जिंग स्टेशन असो की चहाची टपरी. टपरी तर अजिबात नाही, पेट्रोल क्लास ए मध्ये येतं, २३ डिग्रीच्या खालीच वाफ पेट घेण्याजोगी होते.

हिशेबाचं तुला शिकवायला नको, फक्त चार गोष्टी पंपाच्या खास. गेल्या वर्षीची उलाढाल १० कोटींच्या वर असली की कंपनीकडून ५० लाखांच्या पुढच्या खरेदीवर ०.१ टक्का टीडीएस कापायचं काम तुझ्याकडे येतं, हे लोक विसरतात आणि मग व्याज भरतात. एका माणसाकडून एका दिवसात २ लाख किंवा जास्त रोख घ्यायची नाही, ट्रान्सपोर्टवाले महिनाअखेर बॅग घेऊन येतात तेव्हा लक्षात ठेव, दंड घेतलेल्या रकमेएवढाच. ऑइलचे डबे, पीयूसी, नायट्रोजन यावर जीएसटी आहे, म्हणून नंबर लागतोच, पण पंपाच्या दुरुस्तीवर किंवा कंपनीच्या लायसन्स फीवर जो जीएसटी तू भरतेस त्याचं क्रेडिट (म्हणजे भरलेल्या कराची वजावट) जवळजवळ मिळत नाही कारण तुझी बहुतेक विक्री जीएसटीबाहेरची. तेवढ्या भागाचं क्रेडिट उलटवायला लागतं. सीए पंपांचं काम करणारा बघ, नाहीतर तो पूर्ण क्रेडिट घेऊन बसेल आणि नोटीस तुला येईल.

नावावर घेऊ का, तर घे, माझं मत स्पष्ट आहे, पण एका झटक्यात नको. घरातल्या घरात स्टॅम्पपेपरवर भागीदारी करून चालत नाही, डीलरशिप ही बाबांची मालमत्ता नाही, कंपनीने त्यांना दिलेलं काम आहे, त्यात माणूस वाढवायचा तर री-कॉन्स्टिट्यूशनचा (डीलरशिपमधली माणसं बदलण्याचा) अर्ज आणि कंपनीची आधी लेखी मंजुरी. बाबांची तब्येत बरी असतानाच हे कर. पुढेमागे काही झालं तर वारस म्हणून अर्ज करून सगळे कागद नव्याने लावताना सप्लाय अडकू शकतो, आणि बंद पंपाचं गिऱ्हाईक परत येत नाही. त्याबरोबरच पेसोचं लायसन्स, वजनमाप्यांचं सर्टिफिकेट, व्हॅट आणि जीएसटीचं रजिस्ट्रेशन, बँकेचं कॅश क्रेडिट खातं, प्रत्येक ठिकाणी नाव बदलायला लागेल, एक जरी जुन्या नावावर राहिलं तरी तपासणीत पहिलं तेच निघतं. भावाची, आयटीवाल्या म्हणतोय मी, लेखी ना-हरकत आत्ताच घे. आज त्याला रस नाही, उद्या हायवे सहापदरी झाला की रस येतो.

आता बाबांचं गप्प बसणं. ज्या माणसाने इतकी वर्षं बॉर्डरवर पंप चालवला त्याला टँकर ओतण्याचा धोका कळत नाही असं मला नाही वाटत. मग बोलत का नाहीत? माझा अंदाज सांगतो, चुकीचा असला तर सोडून दे. उधारीची वही काढ आणि चुलतभावाच्या गाड्यांचं पान बघ. ट्रान्सपोर्टवाला घरचा असला की त्याच्या गाड्या आपल्याच पंपावर भरतात, पंधरा दिवसांच्या बोलीवर, आणि पंधराचे पन्नास कधी होतात ते कळत नाही. ९० रुपयांचं डिझेल पंधरा दिवस उधार दिलं तर १२ टक्क्यांनी व्याजच ४५ पैसे होतं, तुझ्या तीन रुपयांतले. दीड-दोन महिने ताणलं तर निम्मं मार्जिन त्याच्या घरी. आणि ज्याच्याकडे लाखोंची येणी अडकलीत त्याला तोंडावर नाही म्हणणं म्हाताऱ्या माणसाला जड जातं, तो चिडला तर पैसेही जातील आणि घरातलं लग्नकार्यही बिघडेल. तसं असेल तर टँकरला नाही तू म्हण, बाबांना मध्ये आणू नकोस, आणि त्याच दिवशी उधारीचा विषय काढू नकोस, आठवडाभर थांबून काढ. मर्यादा ठरवून दे, त्यापुढे गाडी आली तर पैसे आधी.

अर्ज टाकायच्या आधी एक महिना सकाळी सहाला पंपावर जा, भाव सहालाच बदलतो. डिप स्वतः मार, डेन्सिटी स्वतः घे, टेस्टिंग स्वतः लिही, टँकर स्वतः उतरव. बाबांना खुर्ची टाकून शेजारी बसव आणि चुकशील तिथे बोलू दे. महिनाअखेर पेट्रोलची घट किती लिटर निघाली आणि चुलतभावाच्या नावावर किती बाकी निघाली, हे दोन आकडे मला कळव.